पत्रावळी कुजते याचा पुरावा

इस्तारी शेंडे यांच्यावर कोणी आरोप केलेला नव्हता. तरीही त्यांनी स्वतःहून कबुलीजबाब दिला, तोही पाच प्रतींत.

गडचिरोलीच्या रविवारच्या बाजारात पळसाच्या पत्रावळ्या विकणाऱ्या चाळीसेक बाया बसतात. त्यांच्या आया बसत, आज्या बसत. 'बाई, तू हे कोणाच्या परवानगीनं विकतेस?' असं त्यांतल्या एकीलाही आजवर कोणी विचारलेलं नाही. इस्तारीजींनी मात्र निवृत्तीनंतर नागपूरहून पत्रावळ्या दाबायचं मशीन आणलं, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवलं आणि नारळ फोडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाच सरकारी कार्यालयांना पत्र धाडलं: 'मी असा असा उद्योग सुरू करीत असून त्यास कोणकोणत्या परवानग्या आवश्यक आहेत, याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.'

मार्गदर्शन ही काय चीज आहे, हे सरकारी नोकरी न केलेल्या माणसाला समजावणं कठीण आहे. इस्तारीजींनी एका कार्यालयात पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. एखाद्या फाइलीला हो म्हणायची छाती नसते आणि नाही म्हणायलाही कारण नसतं, तेव्हा वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागवायचं. वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांकडे मागवतात. फाइल चढते, उतरते, आणि तोवर अर्जदार कंटाळतो किंवा त्याचा मुलगा दुबईला नोकरीला लागतो. या एका शब्दाच्या जोरावर इस्तारीजी पस्तीस वर्षं कधी अडचणीत आले नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. मार्गदर्शन टेबलाच्या आतल्या बाजूनं मागवायचं असतं. बाहेरच्या बाजूनं मागितलं की त्याला अर्ज म्हणतात, आणि अर्ज म्हटला की त्यात त्रुटी निघतात.

शेजारच्या धनराजला ही पत्रांची बातमी कळली तेव्हा तो कपाळाला हात लावून ओट्यावरच बसला. धनराजचं किराणा दुकान आहे, आणि बंदी आलेल्या पातळ पिशव्या तो काउंटरखालून अजूनही देतो, त्यामुळे नियम या विषयावर त्याचा अभ्यास दांडगा.

"इस्तारीभाऊ, आ बैल मुझे मार! काय गरज होती लिवाची? बाजारात बाया इकून राह्यल्या नं? त्यायले कोन इचारते?"

"त्यायले कोनी इचारत नाई, कारन त्यायच्यापाशी मशीन नाई," इस्तारीजी म्हणाले. "मी उद्योजक हाय."

हा शब्द त्यांना तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणात मिळाला होता, प्रमाणपत्रासकट. प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलं होतं. देवकाबाईंना, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, त्या खिळ्यावर कॅलेंडर हवं होतं. त्या घरातल्या घरात या उद्योगाला 'तुमचं ते पानांचं' म्हणत.

इतक्यावर गोष्ट थांबली असती तर हसून सोडून देता आली असती. पण इस्तारीजींनी कोसमटोल्याच्या बुधरीला शब्द देऊन ठेवला होता. बुधरी आणि तिच्याबरोबरच्या नऊ बाया जंगलातून पानं आणत, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचत आणि बाजाराला अठरा किलोमीटरवरून डोक्यावर भारे आणत. इस्तारीजी त्यांना म्हणाले होते, "आता बाजारात उन्हात बसू नका. जेवढ्या होतील तेवढ्या माह्याकडे आना. मी दाबतो, मी इकतो. तुमची यंदाची सारी पत्रावळी माही." बुधरीनं थोडा विचार केला होता. मग ती म्हणाली होती, "बाबू, आमी बाजारातली जागा सोडू, त दुसऱ्या बाया बसतीन. मंग माघारी भेटत नाई." "माघारी लागनारच नाई," असं इस्तारीजी म्हणाले होते. पळसाला चैत्रात नवी पानं येतात आणि पाऊस लागला की टाचलेल्या पत्रावळीला बुरशी धरते. मधले दोन-अडीच महिने, त्यातच लग्नं. दहा घरांची वर्षाची रोख कमाई तेवढीच.

आणि गिऱ्हाईकही तयार होतं. धनराजच्या दीपिकाचं लग्न वीस मेला ठरलं होतं. पाच हजार पत्रावळ्या. "तुमच्याच घेतो, भाऊ, शेजारधर्म हाय," धनराज म्हणाला. एकच अडचण होती. लग्नाच्या लॉनवाल्यानं मागच्या वर्षी थर्माकोलच्या पायी दंड भरला होता, म्हणून आता तो प्रमाणपत्र असलेलंच ताट आत घेई.

मार्गदर्शनाची उत्तरं महिनाभरात आली. पाचही कार्यालयांनी उत्तर दिलं, यातच इस्तारीजींना आपला विजय वाटला. पहिल्यानं दुसऱ्याचं ना-हरकत मागितलं होतं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि असं करत पाचव्यानं पहिल्याचं. आगीच्या खात्यानं विचारलं, आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग किती? शेड तिन्ही बाजूंनी उघडी होती, म्हणून इस्तारीजींनी 'तीन' लिहिलं. त्रुटी आली: 'चौथ्या बाजूबाबत खुलासा नाही.' खाण्यापिण्याच्या खात्यानं विचारलं, सदर उत्पादन खाद्य आहे की अखाद्य? इस्तारीजींनी लिहिलं, अखाद्य, परंतु त्यावर खाद्य वाढले जाते. त्यावर 'दोन्हींपैकी एकावर खूण करावी' असं आलं. एका फॉर्ममध्ये धुराड्याची उंची विचारली होती. तिथं त्यांनी 'धुराडे नाही' लिहिलं आणि अर्ज परत आला. अशा ठिकाणी 'निरंक' लिहायचं असतं, हे त्यांच्या हाताखालच्या पंचवीस लिपिकांना त्यांनीच शिकवलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. देवकाबाईंना वाटलं, वांग्यात मीठ जास्त झालं.

या सगळ्या गोंधळात एकच कागद वेळेवर मिळाला. पानं जंगलातली असल्यामुळे त्यांच्या वाहतुकीचा पास लागणार होता. बुधरी म्हणाली, "तो आमची ग्रामसभा देते." मंगळवारी झाडाखाली सभा बसली, कोणी तंबाखू मळली, कोणी लेकरू मांडीवर घेतलं, आणि तासाभरात ठराव, शिक्का, जावक क्रमांक, सगळं झालं. बुधरीनं बुधवारी पास आणून दिला. इस्तारीजींनी तो उलटा सुलटा करून पाहिला. त्रुटी सापडेना. एवढ्या लवकर मिळालेल्या कागदावर विश्वास कसा ठेवावा, हेच त्यांना कळेना.

चार कार्यालयांची कोंडी, 'पाचव्याचं नंतर देतो' अशा हमीपत्रावर, चैत्राच्या मध्याला कशीबशी सुटली. राहिलं पाचवं, पर्यावरणाचं म्हणू. तिथल्या आवक टेबलावर लच्छू आत्राम बसे. हा लच्छू पूर्वी इस्तारीजींच्याच कार्यालयात रोजंदारीवर होता, आणि टिपणी कशी लिहायची हे तो इस्तारीजींच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकला होता. त्यानं उठून नमस्कार केला, चहा सांगितला आणि अर्ज वाचून मान हलवली.

"साहेब, एक कागद कमी हाय. पत्रावळी कुजते याचं प्रमाणपत्र."

"काय?"

"ताट-वाटी जे काई एकदा वापरून फेकाचं, ते कुजते का नाई, त्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागते. सहा महिने लागते."

"अरे लच्छू, पान हाय ते! पान कुजते!"

लच्छूनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, मले माहीत हाय. पन तुमीच सांगत होते नं, 'आपल्याला काय माहीत आहे याला महत्त्व नाही, फाइलीत काय आहे ते सांग.'"

इस्तारीजींना हे वाक्य आठवलं. चांगलं वाक्य होतं.

"मंग ते एक खिडकी योजना म्हनते, ते?" त्यांनी विचारलं.

"तिले गुंतवनुकीची अट हाय, साहेब. तुमची गुंतवनूक त्या खिडकीतून दिसत नाई."

ते बोलत असतानाच आतून एक तरुण बाहेर आला, हातात फाइल, पायात चकचकीत बूट. हा प्रफुल. चंद्रपूरकडे कागदी ताटांचा मोठा कारखाना निघाला होता, 'ग्रीनपर्ण' नावाचा, त्याचा माणूस. ताट कागदाचं, वर चकाकी, आणि मधोमध छापलेलं हिरवं पान. आतल्या अधिकारी मॅडमकडून त्याला बाहेर यायला दहा मिनिटं लागली होती. इस्तारीजींनी मनातल्या मनात लगेच टेबलाखालचा व्यवहार पाहिला, पण खरं सांगायचं तर तसं काही नव्हतं. कायदा दोघांना सारखाच होता. तोच अठ्ठावीस रकान्यांचा फॉर्म, तीच प्रयोगशाळा, तेच सहा महिने. फरक इतकाच की कंपनीत या कामाला चार माणसांचा एक विभाग होता आणि त्यांचे सहा महिने कारखान्याची भिंत चढण्याआधीच सुरू होऊन संपले होते. इस्तारीजींचा तो विभाग म्हणजे इस्तारीजी स्वतः, आणि झेरॉक्सला जायचं असलं की देवकाबाई.

मॅडमचं नाव रीता. बाई कोल्हापूरकडच्या, सरळ, कामाला वाघ. त्यांनी इस्तारीजींना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. "शेंडेकाका, माझ्या हातात असतं तर आत्ता सही केली असती. पण नियमात 'पान' असा वेगळा रकानाच नाही. काही पुरावा द्या, मी वर पाठवते. मार्गदर्शन मागवते."

तो शब्द इस्तारीजी पहिल्यांदाच टेबलाच्या बाहेरच्या बाजूनं ऐकत होते. पण ते हटणाऱ्यांतले नव्हते. पुरावा पाहिजे ना? पुरावा देऊ.

त्यांनी अंगणात खड्डा खणला, पत्रावळी पुरली, पाटीवर तारीख लिहिली आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालून फोटो काढायचा नेम सुरू केला. पूजेइतक्याच निष्ठेनं. धनराज कुंपणावरून सल्ले देई, "थोडं शेन टाका, भाऊ, लवकर काम होते." कोणी सांगितलं, भूतबाधेचा उतारा पुरल्यासारखं दिसतं, गावात चर्चा होईल, पाटी काढा. पाचव्या दिवशी पान काळं पडलं. नवव्या दिवशी वाळवी लागली. बाराव्या दिवशी नुसत्या काड्या उरल्या आणि एकोणिसाव्या दिवशी त्याही नाहीत. खड्ड्यात होती ती माती. इस्तारीजींचा आनंद गगनात मावेना. काडेपेटीत माती भरून, एकोणीस फोटो जोडून, त्यांनी अर्ज सादर केला. लच्छूनं आवक नोंदवहीत लिहिलं: 'माती, एक काडेपेटी.'

आठ दिवसांनी पत्र आलं. 'सादर केलेला नमुना पत्रावळी असल्याचे दिसून येत नाही. मूळ पत्रावळी व सदर माती या एकच असल्याबाबत पुरावा जोडावा. तसेच पत्रावळी कुजली की वाळवीने खाल्ली, याचा उलगडा होत नाही. नमुना नष्ट का करण्यात आला, याबाबत सात दिवसांत खुलासा करावा.'

इस्तारीजींनी ते पत्र दोनदा वाचलं. आधी संताप आला. मग, खोटं कशाला बोलायचं, थोडा अभिमानही वाटला. मसुदा लच्छूचा होता, आणि बिनतोड होता. वळण त्यांचंच होतं. आपण हे किती जणांना लिहिलं असेल, असा विचार मनात आला तसे ते उठून पाणी प्यायला गेले.

इकडे शेड भरत चालली होती. बुधरी दर दोन दिवसांनी भारे आणून टाकी. पाच हजार, आठ हजार, अकरा हजार. इस्तारीजी मशीनवर दाबून गठ्ठे बांधून ठेवत, कारण हात रिकामे राहिले की विचार येत. बुधरी कागदाबद्दल फारसं विचारत नसे. एकदाच तिनं विचारलं, "बाबू, तुमचा कागद पानी याच्या आंदी येते का मंग?"

"मार्गदर्शन मागवलं हाय," इस्तारीजी म्हणाले. तिला ते उत्तर समजलं नाही आणि समजावून सांगायला त्यांना तोंड नव्हतं.

दहा मेला धनराज आला. ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. "इस्तारीभाऊ, लॉनवाला आयकून नाई राह्यला. मी लय सांगतलं. पोरीचं लगन हाय, मले रिस्क नाई घेता येत." लग्नात ग्रीनपर्णची ताटं आली. इस्तारीजी आणि देवकाबाई आहेर घेऊन गेले, कारण शेजार आहे. जेवण चांगलं होतं. चार घासांत रश्शानं चकाकी सुटली आणि ताटावरच्या छापील पानाचा हिरवा रंग भाताला लागला. "काही म्हना, प्रमानित हाय," देवकाबाई म्हणाल्या. त्या क्वचितच विनोद करत, आणि केला की नवऱ्याच्या जिव्हारी लागे.

लग्नातच प्रफुल भेटला. पोरगा वाईट नव्हता. हात धुता धुता म्हणाला, "काका, तुमचा माल हमारे ब्रँड में निकाल देऊ. आमचं सर्टिफिकेट हाय, लेबल आमचं. तुमी फक्त सप्लाय करा." स्वाभिमानाला मोठा ओरखडा बसला, पण शेडमध्ये चौदा हजार पत्रावळ्या होत्या. इस्तारीजी रात्रभर तळमळले आणि सकाळी 'हो' म्हणाले. दुपारी कंपनीकडून पुरवठादाराला लागणाऱ्या अकरा कागदांची यादी मोबाइलवर आली. पहिला कागद होता पर्यावरण खात्याची परवानगी.

मग त्यांनी शर्टाच्या खिशाला पेन लावलं आणि कोसमटोल्याची बस धरली. बुधरीच्या अंगणात दहाही बाया जमल्या. इस्तारीजींनी सगळं सांगितलं, पत्रं, माती, वाळवी, लग्न, अकरा कागद. पस्तीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती, आणि ती कशी मागतात याचा नमुना फॉर्म उपलब्ध नव्हता. "चुकलं माहं," एवढंच म्हणाले. त्यांना लाज वाटली, खरीखुरी, पोटातून.

बाया आपसात गोंडीत बराच वेळ बोलल्या. मग बुधरी म्हणाली, "बाबू, तुमी चांगलं कराले गेले. पन जागा गेली नं आमची." आणि बाकीच्या बायांकडं बघून, "रविवारी सकाळी लवकर आना सारा माल. मागं भाजीच्या बाजूले, नालीपाशी, जागा रायते. तिथी कोनी बसत नाई."

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी इस्तारी शेंडे, निवृत्त मुख्य लिपिक, बाजारात नालीच्या काठाला पोत्यावर मांडी घालून बसले. बुधरीनं त्यांना यायला सांगितलं नव्हतं. पण तिनं माल आणायला सांगितलं आणि माल टाकून निघून जाणं त्यांना जमलं नाही. पहिला तास त्यांनी मान वर केली नाही. जुने सहकारी ओळखतील म्हणून रुमाल बांधला, त्यानं उलट सगळ्यांनी ओळखलं. दुसऱ्या तासाला एकानं दीडशे मागितल्या आणि यांनी मोजून दिल्या. तिसऱ्या तासाला ते ओरडत होते, "पळसाची पत्रावळी! मशीनची दाबलेली!" मशीनची दाबलेली लवकर खपत होती. हे मात्र बुधरीनं मान्य केलं. दुपारपर्यंत चौदातल्या पाच हजार गेल्या. आभाळ भरून येत होतं. उरलेल्या नऊ हजारांचं काय, हा प्रश्न दहाही बायांच्या तोंडावर होता.

तेवढ्यात समोर रीता मॅडम उभ्या. हातात कापडी पिशवी, रविवारचा साधा ड्रेस.

"शेंडेकाका? तुम्ही इथं?"

इस्तारीजी सवयीनं उभे राहिले. विनापरवाना विक्री, प्रकरण प्रलंबित असताना, खुद्द अधिकाऱ्यांसमोर. डोक्यात टिपणी आपोआप तयार होऊ लागली.

पण मॅडम वाकून पत्रावळ्या पाहत होत्या. एक उचलली, काड्या बोटानं चाचपल्या. "सुरेख आहेत. घरी सत्यनारायण आहे, त्या कागदी ताटात प्रसाद वाढवत नाही हो. दोनशे द्या." मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "पण पूजा पुढच्या रविवारी आहे. तोवर टिकतील ना? कुजायच्या तर नाहीत?"

बुधरी मॅडमना ओळखत नव्हती. ती गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, "पानच हाय, बाई. ओल लागली का आठ दिवसात माती. चुलीच्या वर ठेवजा, कोरड्या जागी."

"हो, ते माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात आणल्या होत्या, चार दिवसांत सगळ्या कुजून..."

त्या थांबल्या. इस्तारीजींकडे पाहिलं. चेहरा हळूहळू लाल झाला. बाजूला कोथिंबीरवाला ओरडत होता, त्यामुळे त्या काय बोलल्या ते फक्त इस्तारीजींना ऐकू आलं.

"काका, मला घरी माहीत असलेलं फाइलीत चालत नाही हो."

"मले माहीत हाय, मॅडम," इस्तारीजी म्हणाले. राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना त्या बाईची दया आली, आणि तशाच खुर्चीत गेलेल्या स्वतःच्या पस्तीस वर्षांचीही. खिशाला पेन होतं, 'हेच लेखी द्या' म्हणता आलं असतं. त्यांनी ते काढलं नाही. दोनशे पत्रावळ्या मोजल्या, दोरी आवळली आणि पिशवीत नीट आडव्या ठेवून दिल्या. मॅडमनी पैसे दिले आणि मागं न बघता त्या गर्दीत गेल्या.

"कोन होती ते बाई?" बुधरीनं विचारलं. "तुमी उभे काऊन राह्यले?"

इस्तारीजी परत पोत्यावर बसले आणि पुढचा गठ्ठा समोर ओढला.

"गिऱ्हाईक होती," ते म्हणाले.